बास्केटबॉल : सामन्यापूर्वीच्या सरावातील किरकोळ नियमभंग आणि पंचांची कार्यपद्धती

मध्यवर्तुळात पंचांनी चेंडू वर उडवला की बास्केटबॉलचा सामना सुरू होतो, असा सर्वसाधारण समज आहे. खेळाचे घड्याळ त्यानंतर सुरू होते हे खरे असले, तरी पंचांचा अधिकार त्याच्या वीस मिनिटे आधीच अमलात आलेला असतो. दोन्ही संघ ट्रॅकसूट घालून मैदानात उतरलेले असतात, प्रेक्षक अजून जागा शोधत असतात आणि गुणफलकावर दोन्ही बाजूंना शून्य असते. त्या वेळीही एखाद्या खेळाडूच्या नावावर फाऊल नोंदवला जाऊ शकतो आणि प्रतिस्पर्धी संघाला फ्री थ्रो बहाल केला जाऊ शकतो.

प्रत्यक्षात असे प्रसंग क्वचितच येतात. या वीस मिनिटांत पंचांच्या नजरेस अनेक किरकोळ चुका पडतात. त्यांतील बहुतेक चुका शिट्टी न वाजवता, दोन शब्द बोलून दुरुस्त केल्या जातात. कोणती चूक बोलून सोडवायची, कोणत्या चुकीसाठी प्रशिक्षकाला ताकीद द्यायची आणि कोणत्या चुकीची नोंद करायची, याबाबतचे संकेत आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे ‘फिबा’च्या नियमांत तसेच पंचांसाठीच्या पुस्तिकांत आढळतात. भारतातील राष्ट्रीय स्पर्धाही फिबाच्या नियमांनुसारच खेळवल्या जात असल्याने या लेखात प्रामुख्याने त्यांचाच आधार घेतला आहे. अमेरिकेतील शालेय व महाविद्यालयीन खेळाची परंपरा या बाबतीत वेगळी असून तिचा विचार पुढे केला आहे.

वीस मिनिटांचे वेळापत्रक

सामन्याच्या नियोजित वेळेपूर्वीच्या वीस मिनिटांना फिबाच्या नियमांत ‘खेळातील विराम’ असे स्थान आहे. दोन सत्रांमधील विश्रांती आणि मध्यंतर यांचाही समावेश याच प्रकारात होतो. त्यामुळे सामन्यापूर्वीचा सराव हा सामन्याबाहेरचा काळ ठरत नाही. मराठी वृत्तपत्रांत ‘वॉर्म-अप’साठी सर्रास ‘सराव’ हा शब्द वापरला जातो आणि त्यातून थोडा घोटाळा होतो, कारण आदल्या दिवशीचा सराव आणि हा सराव यांत नियमांच्या दृष्टीने जमीनअस्मानाचे अंतर आहे. आदल्या दिवशी मैदानावर पंचांचा काहीही अधिकार नसतो.

संघातील खेळाडूंची यादी सामन्याच्या किमान चाळीस मिनिटे आधी गुणलेखकाकडे द्यावी लागते. वीस मिनिटे आधी पंच मैदानावर येतात. दहा मिनिटे उरली असताना दोन्ही मुख्य प्रशिक्षक यादी तपासून गुणपत्रिकेवर स्वाक्षरी करतात आणि सुरुवातीला खेळणाऱ्या पाच खेळाडूंच्या नावांपुढे खूण करतात. औपचारिक सामन्यांत सुमारे सहा मिनिटे आधी शिट्टी वाजवून संघांना बाकांकडे बोलावले जाते व खेळाडूंची ओळख करून दिली जाते. तीन मिनिटे उरल्याची सूचना मिळाल्यावर सरावाचा अखेरचा टप्पा होतो आणि दीड मिनिट उरले असताना सर्व खेळाडूंना बाकाकडे परतावे लागते.

सराव कोणत्या बाजूला करायचा हेही ठरलेले आहे. प्रतिस्पर्ध्याची बास्केट ज्या अर्ध्या भागात असते, म्हणजेच पूर्वार्धात ज्या बास्केटमध्ये गुण नोंदवायचे असतात, त्याच भागात संघाने सराव करावा असा नियम आहे. मधली रेषा या वेळी सीमेसारखी असते. निसटलेला चेंडू आणण्यासाठी एखादा खेळाडू पलीकडे गेला तर कोणी हरकत घेत नाही. मात्र प्रतिस्पर्ध्यांच्या रांगेतून मुद्दाम धावत जाणे किंवा त्यांच्या अंगाला अंग घासणे याकडे पंचांचे लक्ष असते. गुणलेखकाच्या टेबलासमोरील बाजूच्या रेषेवर पंच उभे राहतात ते यासाठीच. तिथून दोन्ही अर्धे भाग एकाच वेळी दृष्टीच्या टप्प्यात राहतात.

वीस मिनिटांच्याही आधी काही गैरप्रकार घडला तर काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. अशा वेळी फाऊल देता येत नाही. मुख्य पंच गुणपत्रिकेवर तशी नोंद करून स्पर्धेच्या आयोजक संस्थेकडे सविस्तर अहवाल पाठवतात आणि पुढील कारवाई ती संस्था करते.

कोणती चूक होऊ शकते आणि कोणती नाही

बास्केटबॉलच्या नियमांत उल्लंघन आणि फाऊल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेंडू हातात घेऊन जास्त पावले टाकणे, दोनदा ड्रिबल करणे, रेषेबाहेर जाणे ही उल्लंघने होत. त्यांची शिक्षा म्हणजे चेंडूचा ताबा जाणे. सरावाच्या वेळी चेंडू ‘जिवंत’ नसतो, त्यामुळे यांपैकी कशालाही अर्थ उरत नाही. खेळाडूने दहा पावले चालून चेंडू बास्केटमध्ये टाकला तरी पंच ढुंकून पाहणार नाहीत.

उरतात ते वर्तनाशी, साहित्याशी आणि कागदपत्रांशी संबंधित प्रकार. शारीरिक संपर्काविना घडलेल्या गैरवर्तनासाठी टेक्निकल फाऊल आणि गंभीर प्रकारासाठी थेट बाद करणारा फाऊल, ही पंचांच्या हाती असलेली साधने आहेत. पण किरकोळ बाबींत ती बाहेर काढण्याची वेळ येत नाही.

साहित्याचेच उदाहरण घेता येईल. कानातले, अंगठी, साखळी, मनगटातील कडे किंवा घड्याळ यांमुळे दुसऱ्या खेळाडूला इजा होण्याची शक्यता असल्याने ते घालून खेळता येत नाही. सराव पाहताना पंच खेळाडूंचे हात, कान आणि गळा न्याहाळत असतात. काही आढळल्यास जवळ जाऊन ते काढून ठेवण्यास सांगितले जाते, आणि विषय तिथेच संपतो. गणवेशाच्या आत टी-शर्ट घालण्यास परवानगी नाही. दंडावरील किंवा पायावरील घट्ट आवरणांचा रंग संघातील सर्वांसाठी एकच असावा लागतो. या गोष्टी ट्रॅकसूटच्या आत झाकलेल्या असतात, म्हणून अनुभवी पंच खेळाडूंनी वरचे कपडे उतरवण्याची वाट पाहतात आणि अखेरच्या तीन मिनिटांत पुन्हा एकदा नजर फिरवतात. दोन्ही संघांच्या गणवेशांचे रंग सारखे निघाले, तर कार्यक्रमपत्रिकेत ज्याचे नाव आधी आहे त्या संघाने फिकट, शक्यतो पांढरा गणवेश घालावा असा नियम आहे. तोही बदल खेळ सुरू होण्यापूर्वी करून घेतला जातो. शिक्षा होत नाही.

सुरुवातीच्या पाच खेळाडूंबाबतचा नियम तर याहून बोलका आहे. प्रशिक्षकाने खूण केलेल्या पाच जणांऐवजी सहावाच कोणी मध्यवर्तुळाजवळ येऊन उभा राहिला आणि ही गोष्ट खेळ सुरू होण्यापूर्वी लक्षात आली, तर त्याला परत पाठवून योग्य खेळाडूला बोलावले जाते. खेळ सुरू झाल्यानंतर लक्षात आली, तर चुकीकडे दुर्लक्ष करून सामना पुढे चालू ठेवला जातो. दोन्ही परिस्थितींत शिक्षा नाही. सराव करताना पाचांपैकी कोणी जखमी झाल्यास त्याच्या जागी दुसरा घेता येतो, आणि प्रतिस्पर्धी संघाची इच्छा असल्यास त्यालाही तितकेच बदल करण्याची मुभा मिळते.

अमेरिकेतील शालेय नियमांत याच कागदपत्रांबाबत कमालीचा काटेकोरपणा आढळतो. सामन्याच्या दहा मिनिटे आधी यादी व पाच नावे दिली नाहीत, अथवा त्यानंतर त्यांत बदल केला, तर संघावर टेक्निकल फाऊल लावण्याची तरतूद तेथे आहे.

रिंगला लटकणे

सरावातील ज्या एका कृतीचा फिबाच्या पंच-पुस्तिकेत मुद्दाम उल्लेख केला गेला, ती म्हणजे रिंगला लटकणे. रिंग किंवा बॅकबोर्ड यांचे नुकसान होईल अशा रीतीने लटकण्यास मनाई असून, असा प्रकार दिसल्यास पंचाने संबंधित संघाच्या प्रशिक्षकाला तत्काळ ताकीद द्यावी आणि पुनरावृत्ती झाल्यास त्या खेळाडूवर टेक्निकल फाऊल नोंदवावा, असा क्रम पुस्तिकेत दिलेला आहे. ताकीद खेळाडूला न देता प्रशिक्षकाला द्यायची, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सरावात बारा खेळाडू एकाच रांगेत धावत असतात. एकाला सांगितलेले दुसऱ्याच्या कानावर जाईलच असे नाही. प्रशिक्षकाला सांगितले की ते साऱ्या संघाला सांगितल्यासारखे होते, आणि पुढच्या वेळी कोणालाही अज्ञानाचा बहाणा करता येत नाही.

ही मनाई केवळ शिस्तीसाठी नाही. रिंग वाकली किंवा काच फुटली तर सामना सुरूच होऊ शकत नाही, आणि याचा अनुभव व्यावसायिक बास्केटबॉलला अगदी बाल्यावस्थेत आला आहे. ५ नोव्हेंबर १९४६ रोजी बोस्टन सेल्टिक्स संघ घरच्या मैदानावरील आपला पहिलाच सामना खेळणार होता. प्रतिस्पर्धी होता शिकागो स्टॅग्स. सरावाच्या वेळी सेल्टिक्सच्या चक कॉनर्स यांनी दुरून टाकलेला चेंडू रिंगवर आदळला आणि काचेचा बॅकबोर्ड फुटला. त्यांनी डंक मारला नव्हता की रिंगला हातही लावला नव्हता. रिंग आणि काच यांच्यामध्ये बसवायचा रबराचा तुकडा बसवायचा राहून गेला होता, असे कारण पुढे आले. बोस्टन गार्डन या दुसऱ्या क्रीडागारातून नवा बॅकबोर्ड आणेपर्यंत प्रेक्षकांना ताटकळत बसावे लागले. हेच कॉनर्स पुढे दूरचित्रवाणीवरील ‘द रायफलमन’ या मालिकेचे नायक म्हणून घरोघरी पोहोचले.

१९७९ च्या नोव्हेंबर महिन्यात फिलाडेल्फियाच्या डॅरिल डॉकिन्स यांनी कॅन्सस सिटी येथे चालू सामन्यात डंक मारून बॅकबोर्डचा चुरा केला, आणि तीनच आठवड्यांनी घरच्या मैदानावर त्याची पुनरावृत्ती केली. ताण आल्यावर खाली झुकून पुन्हा पूर्ववत होणारी, स्प्रिंग असलेली रिंग त्यानंतरच्या काळात सर्वत्र रूढ झाली. इलिनॉय राज्यातील आर्थर एहराट हे तिचे एक जनक होत. शेतीच्या अवजाराची स्प्रिंग वापरून त्यांनी ती तयार केली आणि १९८२ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. मोठ्या स्पर्धांमध्ये आज अशीच रिंग वापरली जाते. मात्र शाळांच्या आणि वस्त्यांच्या सिमेंटच्या मैदानांवर पक्क्या बसवलेल्या रिंग अजूनही दिसतात, आणि तिथे पंचांनी दिलेली ताकीद मैदानाच्या मालकालाही हायसे वाटायला लावते.

अमेरिकेतील डंकबंदी

फिबाच्या नियमांनुसार सरावात डंक मारणे हा गुन्हा नाही. गुन्हा आहे तो लटकण्याचा. अमेरिकेत मात्र दीर्घकाळ डंकच निषिद्ध होता आणि त्यामागे एक इतिहास आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस संघाकडून खेळणारे लू अल्सिंडर, म्हणजे पुढचे करीम अब्दुल-जब्बार, यांनी १९६६-६७ चा मोसम गाजवला. त्यानंतर १९६७ मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे ‘एनसीएए’ने डंकवर संपूर्ण बंदी घातली. १९७६-७७ च्या मोसमापासून सामन्यात डंक मारण्यास पुन्हा परवानगी मिळाली, पण सामन्यापूर्वीच्या आणि मध्यंतरातील सरावातली बंदी कायम राहिली. परिणामी जो फटका सामन्यात दोन गुण मिळवून देत होता, तोच फटका अर्ध्या तासापूर्वी मारल्यास टेक्निकल फाऊल होत असे. ही विसंगती जवळजवळ चार दशके टिकली. २०१५ मध्ये, चढाईची वेळमर्यादा ३५ सेकंदांवरून ३० वर आणणाऱ्या बदलांबरोबरच पुरुषांच्या खेळातील ही बंदी उठवण्यात आली.

माध्यमिक शाळांच्या स्पर्धांचे नियम करणाऱ्या राष्ट्रीय महासंघाने (एनएफएचएस) महाविद्यालयांनी बंदी उठवल्यानंतरही ती आपल्या संहितेत ठेवली. शालेय पंचांची कार्यकक्षा मैदानावर पाऊल ठेवताच सुरू होते आणि त्यांनी नियोजित वेळेच्या किमान पंधरा मिनिटे आधी येणे अपेक्षित असते. ते येण्यापूर्वी मुलांनी कितीही डंक मारले तरी कोणी विचारत नाही. ते आल्यानंतर मारलेला एकच डंक सामन्याची सुरुवात बदलून टाकतो.

येथे दोन्ही संहितांतील एक तांत्रिक फरक ध्यानात घ्यावा लागतो. फिबाच्या नियमांनुसार विरामाच्या काळात खेळण्यास पात्र असलेले सर्व सदस्य ‘खेळाडू’ मानले जातात, त्यामुळे फाऊल त्या व्यक्तीपुरता राहतो. अमेरिकी शालेय नियमांनुसार त्याच काळात सर्व जण ‘बाकावरील सदस्य’ मानले जातात, आणि बाकावरील सदस्याच्या गैरवर्तनाची अप्रत्यक्ष जबाबदारी मुख्य प्रशिक्षकावर येते. त्यामुळे मुलाने डंक मारला की त्याच्या नावावर टेक्निकल फाऊल लागतो, प्रशिक्षकाच्या नावावर अप्रत्यक्ष फाऊल लागतो आणि उभे राहून सूचना देण्याचा प्रशिक्षकाचा हक्क सामन्यापुरता संपुष्टात येतो. प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो आणि त्यापाठोपाठ चेंडूचा ताबाही मिळतो. अशा सामन्याची सुरुवात जंप बॉलने होतच नाही. प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून तीन टेक्निकल फाऊल झाल्यास प्रशिक्षकाला मैदान सोडावे लागते. म्हणजे तीन उत्साही विद्यार्थी मिळून आपल्या गुरुजींना सामना सुरू होण्यापूर्वीच बाहेर पाठवू शकतात, असे नियमाचे गणित सांगते.

ताकिदीची पायरी नसल्यामुळे शालेय पंच मोठ्या पेचात सापडतो. डंक दिसला तर नोंद करणे भाग आहे. त्यामुळे असा प्रसंग टाळण्याचे उपाय आधीच योजले जातात. प्रशिक्षकांशी होणाऱ्या पहिल्याच भेटीत नियमाची आठवण करून दिली जाते आणि पंच मैदानात आल्याचे सर्वांना कळेल अशा ठिकाणी उभे राहतात. पंच दिसले की रांगेतील उड्या आपोआप कमी होतात. नियम जितका ताठर, तितकी त्याच्या अंमलबजावणीची पूर्वतयारी अधिक, असेच येथे म्हणावे लागते.

व्यावसायिक एनबीए स्पर्धेत सरावातील डंक हा मनोरंजनाचाच भाग समजला जातो. तेथील चिंता वेळेची आहे. संघांची ओळख झाल्यानंतर खेळाडू एकमेकांवर छाती आदळणे, हस्तांदोलनाचे लांबलचक प्रकार करणे यांत वेळ घालवू लागले, तेव्हा २०१२-१३ च्या मोसमापासून ओळख आणि जंप बॉल यांमध्ये ९० सेकंदांची मर्यादा घालण्यात आली.

नोंद कशी होते

फिबाच्या नियमांखाली टेक्निकल फाऊल झालाच, तर गुणपत्रिकेत खेळाडूच्या नावापुढे ‘टी’ हे अक्षर लिहिले जाते. पाच फाऊल झाल्यावर खेळाडूला बाहेर बसावे लागते, त्यामुळे त्याचा सामना चार फाऊल शिल्लक असतानाच सुरू होतो. दुसरा टेक्निकल फाऊल झाल्यास तो बाद होतो. विरामात झालेला फाऊल पुढच्या सत्रात झाला असे मानले जात असल्याने तो पहिल्या सत्रातील संघाच्या फाऊलमध्येही जमा होतो. एका सत्रात संघाचे चार फाऊल पूर्ण झाले की पुढील फाऊलवर प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो मिळू लागतात, हे लक्षात घेतले तर सरावातील एका क्षणाची किंमत पहिल्या दहा मिनिटांवर कशी पसरते ते कळते.

शिक्षेचे स्वरूप मात्र काळानुसार सौम्य होत गेले आहे. पूर्वी टेक्निकल फाऊलसाठी दोन फ्री थ्रो आणि चेंडूचा ताबा मिळत असे. २०१४ मध्ये एकच फ्री थ्रो ठेवण्यात आला आणि त्यानंतरच्या बदलांत ताब्याची तरतूदही वगळण्यात आली. आता सामन्यापूर्वी फाऊल झाल्यास प्रतिस्पर्धी संघ एक फ्री थ्रो घेतो आणि त्यानंतर नेहमीप्रमाणे जंप बॉलने खेळ सुरू होतो.

दुर्लक्षाची किंमत

किरकोळ म्हणून सोडलेली प्रत्येक गोष्ट किरकोळच राहते असे नाही. २ जुलै २०१८ रोजी मनिलाजवळील फिलिपाईन अरिनामध्ये फिलिपिन्स आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात विश्वचषक पात्रता सामना झाला. तिसऱ्या सत्रात ऑस्ट्रेलिया मोठ्या आघाडीवर असताना फिलिपिन्सच्या खेळाडूने केलेला फाऊल आणि त्याला ऑस्ट्रेलियाच्या डॅनियल किकर्ट यांनी कोपराने दिलेले उत्तर यांतून सामूहिक हाणामारी झाली. तेरा खेळाडूंना मैदानाबाहेर काढावे लागले आणि अखेरीस फिलिपिन्सकडे पुरेसे खेळाडू न उरल्याने सामना थांबवण्यात आला. किकर्ट यांनी सरावाच्या वेळीच आपल्या चार खेळाडूंना धक्के दिले होते, असा दावा फिलिपिन्सचे प्रशिक्षक चॉट रेयेस यांनी सामन्यानंतर केला. तो दावा ग्राह्य मानला तरी पुढील प्रकाराचे समर्थन होत नाही, हे उघड आहे. फिबाने तेरा खेळाडूंवर निलंबनाची कारवाई केली. त्याबरोबरच सामन्यातील तिन्ही पंचांना एक वर्षभर फिबाच्या स्पर्धांपासून दूर ठेवण्यात आले, ही बाब फारशी चर्चिली गेली नाही.

सरावात दोन संघांमधील रेषेवर घडणाऱ्या धक्काबुक्कीकडे पंचांनी रिंगपेक्षाही अधिक लक्ष द्यावे, असे या घटनेवरून वाटते. रिंग बदलता येते.

वुहानमधील पगडी

भारतीय वाचकांना या विषयाशी जोडणारी घटना जुलै २०१४ मधील आहे. चीनमधील वुहान येथे फिबा आशिया चषक स्पर्धा सुरू होती. जपानविरुद्धच्या सामन्यापूर्वी भारताच्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या शीख खेळाडूंना पगडी उतरवूनच खेळता येईल असे अधिकाऱ्यांकडून सांगण्यात आले. त्यासाठी नियम ४.४.२ चा आधार घेण्यात आला. इतरांना इजा होऊ शकेल अशा वस्तू घालण्यास मनाई करणाऱ्या या कलमात केसांतील शोभेच्या वस्तू आणि दागिने यांच्या जोडीला डोक्यावरील आच्छादनाचाही उल्लेख होता. दोघांनी पगडी उतरवली आणि ते खेळले. याच स्पर्धेत भारताने यजमान चीनवर ६५-५८ असा ऐतिहासिक विजय मिळवला.

कार्यपद्धतीच्या दृष्टीने पाहिले तर वुहानमध्ये जे घडले ते अंगठी काढायला सांगण्यासारखेच होते. शिट्टी नाही, फाऊल नाही, गुणपत्रिकेवर नोंद नाही. खेळापूर्वी शांतपणे दुरुस्ती करून घेतली गेली. परंतु अंगठी आणि पगडी यांना एकाच ओळीत बसवणारा नियम मुळातच अपुरा होता आणि पंचांच्या सौम्यपणाने ते उणेपण भरून निघणार नव्हते. श्रद्धेचे चिन्ह उतरवणे किंवा देशासाठी न खेळणे, असा पर्याय खेळाडूसमोर काही मिनिटांत ठेवला गेला. त्याला किरकोळ दुरुस्ती म्हणणे कठीण आहे.

या घटनेचे पडसाद भारतात तर उमटलेच, शिवाय अमेरिकी काँग्रेसचे सदस्य ज्यो क्राउली आणि अमी बेरा यांच्या पुढाकाराने तेथील लोकप्रतिनिधींनी फिबाला पत्र लिहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंचिऑन येथील आशियाई क्रीडास्पर्धेत कतारच्या महिला संघाला मंगोलियाविरुद्धच्या सामन्यापूर्वी हिजाब काढण्यास सांगण्यात आले. कतारच्या खेळाडूंनी नकार दिला आणि सामना सोडून दिला.

सप्टेंबर २०१४ मध्येच फिबाने राष्ट्रीय स्तरावरील स्पर्धांत प्रायोगिक तत्त्वावर सूट देण्याचे मान्य केले. मे २०१७ मध्ये हाँगकाँग येथील अधिवेशनात नव्या नियमाला एकमताने मान्यता मिळाली आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून तो लागू झाला. त्यानुसार डोक्यावरील आच्छादन काळे, पांढरे किंवा गणवेशाच्या मुख्य रंगाचे असावे लागते आणि संघातील ज्यांनी ते घातले असेल त्या सर्वांचे एकाच रंगाचे असावे लागते. चेहऱ्याचा कोणताही भाग त्याने झाकला जाऊ नये, ते घालणाऱ्याला किंवा इतरांना धोकादायक नसावे, चेहऱ्याभोवती वा गळ्याभोवती उघडझाप करणारी बंधने नसावीत आणि पृष्ठभागातून काही बाहेर आलेले नसावे, अशाही अटी आहेत. त्यामुळे पगडी घातलेला खेळाडू मैदानात उतरल्यावर आज पंच तिचा रंग पाहतात, तिला टाचणी वा पिन लावलेली नाही ना याची खात्री करून घेतात आणि पुढच्या खेळाडूकडे वळतात.